शून्याच्या जवळपास

रात्रीचे दोन. योएन्सूतलं तळघर.
केसाहून बारीक तारेला टांगलेल्या
दोन तबकड्या, तोंडाला तोंड.
मधल्या फटीत
लांब लाटांना शिरकाव नाही,
म्हणजे तिथली पोकळी
बाहेरच्या पोकळीपेक्षा जराशी अधिक पोकळ.

विचारायचं एवढंच :
तबकडीचा हट्ट कमी झाला का?
जागचं न हलण्याचा,
हललं की न थांबण्याचा.

हिल्क्का झोके मोजते
काचेपलीकडून, लोकरी मोज्यांत,
श्वासाचीही ऊब नको म्हणून.
अकराव्या रात्री
झोका लवकर परतला,
आठव्या दशांश स्थळी.
तिनं कुणाला उठवलं नाही.
कॉफी ओतली, प्यायची राहिली.
मग भिंतीला तळहात लावला
आणि बराच वेळ तसाच ठेवला.
दोन किलोमीटरवर
गोठलेलं तळं तडकत होतं.

वहीत लिहिलं : फरक नाही.
खाली चुकीची मर्यादा, तारीख,
खोडलेला एक शब्द.
उठताना पाय जड झाले,
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

सकाळी तबकड्या घासणारा म्हातारा ताइस्तो
दारातूनच विचारतो,
"हललं काही?"
"तळं हललं."
तो बूट झटकतो,
बर्फ फरशीवर पडतो,
आणि नवी तबकडी दिव्याखाली धरतो.