तीन मार्च

कोपरखैरण्याला, सिडकोच्या खोलीत,
माझा कॉम्प्युटर शिलाई मशीनच्या टेबलावर बसतो.
खाली पायडल अजून आहे.
गणित लांबलं की माझा पाय आपोआप ते हलवत राहतो.
कॅबिनेटचं एक झाकण कायमचं काढलेलं;
पंख्यातली धूळ मी जुन्या टूथब्रशने झाडते,
त्याच ब्रशने चाळणीतून खाडीचे किडे सोडवते.
(मध्ये धुते, अर्थात.)

किडे म्हणजे वलयी कृमी, दोऱ्याएवढे,
ठाण्याच्या खाडीच्या काळ्या चिखलातले.
दर अष्टमीला, पाणी फार चढत-उतरत नाही तेव्हा,
पदू मढवी मला होडीतून नेतो
ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यापासून, बारा जागी.
मी डबा रुतवते, तो वल्ह्याने होडी धरून ठेवतो
आणि दर खेपेला विचारतो,
"मॅडम, याचा कालवन तरी व्हतं का?"

बारा जागांना मी नाव ठेवलं होतं.
मॅन्ग्रोव्ह, ऐरोली, रबाळे:
इंग्रजी आद्याक्षरं जोडली की एम ए आर.
एम ए आर एक, एम ए आर दोन, थेट बारापर्यंत.
मला ते फार सुटसुटीत वाटलं होतं.

दोन वर्षं रात्री जेवणं आटोपली की
स्प्रेडशीटमध्ये किडे भरत गेले.
मुंब्र्याची सायमा, माझी जुनी विद्यार्थिनी,
फोनवर मला प्रोग्राम लिहायला शिकवायची:
"कंस बंद केलात का, मॅम? आता स्वल्पविराम."
मग एका रात्री आलेख उमटला,
आणि मार्चमध्ये असं शिखर
की कागदाच्या वर जायला बघत होतं.

कारणं किती पटकन सापडली!
वाढतं ऊन, खारटपणा, पिल्लांचा हंगाम.
तीन परिच्छेद झरझर लिहून झाले.
आलेख छापून मी फ्रिजवर लावला,
आणि पुढच्या अष्टमीला होडीत पदूला दाखवला,
सोबत आकड्यांचा तक्ता.

त्याने बोट ठेवलं नेमकं तिसऱ्या ओळीवर.
"कंचा तीन मार्च? त्या दिशी मी होडी काढलीच नाय.
आमचे पोरीची हलद व्हती.
तुमी पन व्हतात की, डीजेजवल कान झाकून."

मग त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून
पोरीची शाळेची वही काढली.
प्रत्येक खेप त्यात होती, त्याच्या हिशेबाने:
फागुन वद्य अष्टमी. भांग. वारा नाय.
चैत वद्य अष्टमी. भांग. मॅडम घसरली.

घरी येऊन मी रिकामा रकाना उघडला.
हळू टाइप केलं: एम, ए, आर, तीन. एंटर.
डोळ्यांदेखत तो रकान्यात उजवीकडे सरकला
आणि तीन मार्च झाला.
नावं डाव्या कडेला टेकतात, तारखा उजव्या.
दोन वर्षं माझ्या बाराही जागा
उजवीकडे उभ्या होत्या
आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.
खऱ्या तारखा दुसऱ्या फायलीत पडून;
प्रोग्रामने हाताशी आली ती तारीख उचलली
आणि चोवीस महिन्यांचा चिखल
मार्चच्या बारा दिवसांत ओतला.

सायमा हसली नाही. म्हणाली,
"माझ्या गाइडचंही झालं होतं, मॅम. त्यांनी कुणाला सांगितलं नाही."

मी परिच्छेद पुसले. नावं बदलली.
वहीतल्या तिथ्या पंचांगाशी ताडून पाहिल्या;
दोनच चुकल्या होत्या, त्यातली एक माझी.
प्रोग्राम पुन्हा चालवला. चार सेकंद.
शिखर गेलं. घणसोलीच्या नाल्यापाशी
थोडे जास्त किडे, बाकी रेषा
ओहोटीच्या चिखलासारखी सपाट.
फ्रिजवरचा कागद काढला,
मागच्या कोऱ्या बाजूला सामानाची यादी केली.

सकाळी पदूचा फोन. "परवा अष्टमी. येताव ना?"
येते म्हटलं.
नवीन रकाना उघडला, लिहिलं: अष्टमी, भांग.
एंटर दाबायच्या आधी पायडलवरचा पाय थांबला.
दाबलं.
ते डावीकडेच राहिलं.