खुंटी

पीटरहेडच्या मासळी कारखान्यात
नेटा डथीला कुणीही जा म्हटलं नाही.
हे आधी लिहून घ्या.

हॅडॉक चिरणारं यंत्र सप्टेंबरात
तिच्या उजव्या हाताची दोन बोटं घेऊन गेलं,
तेव्हा मुकादम रॉरीनं स्वतः गाडी काढली,
ॲबर्डीनच्या इस्पितळापर्यंत एकदाही ब्रेक न मारता.
फुलंही गेली. पिवळी. कार्डावर सगळ्यांच्या सह्या,
माझीसुद्धा.

जानेवारीत ती परतली.
तिच्या जागेवर एक पोरगी उभी होती,
तिच्याच सुरीनं कापत.
नेटाला मिळालं लेबलं मोजायचं काम,
बर्फखोलीच्या दाराशी, एका स्टुलावर.
दार उघडलं की उरलेली बोटं निळी पडायची.
हातमोजे मागितले.
दिले की. पाच बोटांचे.

मग पाळी बदलली: पहाटे चारची.
पहिली बस साडेपाचला.
ती चालत यायची बंदराच्या कडेकडेनं,
सात मिनिटं उशीर, नऊ मिनिटं उशीर,
वहीत सगळं वळणदार अक्षरात.
'झेपत नसेल तर बघ बाई,'
इतकंच म्हणाला रॉरी, तेही मायेनं.

चहाच्या वेळी बाकावर
आम्ही तिच्यासाठी सरकेनासे झालो.
हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.
आमचंही पोट हातावर,
आणि हात अजून शाबूत.

मार्चमध्ये तिनं राजीनामा लिहिला, डाव्या हातानं.
पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं,
ओळ उताराला लागलेली.
कचेरीतल्या बाईनं 'स्वखुशीने' हा एक शब्द
तिच्याकडून पुन्हा लिहून घेतला,
वाचता येत नव्हता म्हणून.

आज लवादापुढे मला विचारतात:
तिला कुणी हाकललं?
नाही.
आवाज चढवला?
नाही, साहेब.
मग तुम्ही नेमकं पाहिलंत तरी काय?

खुंटी पाहिली.
ॲप्रन अडकवायची,
एकोणीस वर्षं तिच्या नावाची.
ती कामावर यायच्या आदल्या दिवशी
नावाची पट्टी खरवडून काढलेली होती.

कुणी काढली?

खोलीत रेडिएटर तेवढा टकटक करतोय.
नेटा माझ्याकडे बघत नाही,
मांडीवरचा हात दुसऱ्या हाताखाली सरकवते.

रॉरी म्हणाला होता, काढून टाक.
सुरी माझ्याकडे होती.
चांगला अर्धा तास लागला, साहेब.
डिंक जुना होता,
निघता निघेना.