गोठू नये म्हणून

गोठू नये म्हणून आधी सायट्रेट घातलं
आणि मग गोठवलं.
जिम्माच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी
त्सिगेरेदा यावर एकदा हसली होती.

आज फ्रीजरमधून नळी निघते, पांढरी वाफ सोडत.
चिकटपट्टीवर तिचंच अक्षर, सहा वर्षांपूर्वीचं,
सातचं शेपूट नको इतकं लांब.
पागुमेची तीन तारीख:
वर्षाच्या शेवटी उरणारा पाच दिवसांचा तेरावा महिना,
ज्याचा पगार कुणी देत नाही.

मोल्ला. वय अंदाजे सतरा.
गोज्जामहून कॉफी तोडायला आलेला,
हंगामाच्या महिनाभर आधीच पोचलेला.
बसस्थानकाच्या ओट्यावर एका पांघरुणात सातजण,
आणि उवा, त्यांची मोजदाद कोण करतो.
ताप आला, उतरला,
आठवड्यानं विसरलेलं काही न्यायला आल्यासारखा
परत आला.

रक्त काढताना त्यानं विचारलं,
हे मला परत मिळेल का?
ती म्हणाली, नाही.
तिसऱ्या दिवशी खाट रिकामी,
दवाखान्याची चादर नीट घडी घालून,
कागदावर सही नाही.

नळी ती मुठीत धरते.
सदतीस अंशांचं यंत्र आहे, पण वीज सकाळपासून नाही
आणि जनरेटर फक्त फ्रीजरपुरता.
बोटं बधिर होतात. मूठ बदलते.

थेंब काचेवर. बॅटरीवरचा मिणमिणता दिवा,
काळं क्षेत्र.
तांबड्या पेशी फुटून गेल्यात, पांढऱ्यांचा नुसता गाळ.
मोल्लाचं म्हणावं असं
धड काहीच उरलेलं नाही.

वीस क्षेत्रं. काही नाही.
चाळीस.
मोजताना तिचे ओठ हलतात.
एकसष्टाव्यात एक धागा,
उसवलेल्या शिवणीतून निघावा तसा,
वळ्यावळ्यांचा, निपचित.
मेलेला असेल. पीसीआरला मेलेलाही चालतो,
त्याला नाव लागतं, जीव नाही.
तिला हालचाल हवी.

ती थांबते.
बाहेर कुणीतरी कॉफी भाजतंय,
तवा हलवल्याचा आवाज, दाण्यांचा तडतडाट.

मग तो एका टोकानं चाचपडतो,
कूस बदलतो,
आणि निघतोच,
घाईनं, उशीर झाल्यासारखा,
फुटक्या पेशींच्या पसाऱ्यातून,
जणू ज्याच्याकडे जायचं
तो अजून तिथंच झोपलाय.

वहीत ती लिहिते: हालचाल आहे.
शेजारचा रकाना, रुग्ण सध्या कुठे,
सहा वर्षं कोरा.
तिथं पेन टेकतं, शाईचा एक ठिपका पडतो,
ती उचलते.

वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही, असा नियम आहे.
ब्लीचचं झाकण उघडून तिनं बाजूला ठेवलंय.
त्याआधी ती अजून एक क्षेत्र बघते.
मग अजून एक.
नियमात तसं काही नाही.