मालक १००३

कुटबणच्या बर्फ कारखान्यात पहाटेचे तीन.
धक्क्यावर ट्रॉलर खोळंबलेत,
आणि लाद्यांचा हिशोब करणारी स्क्रिप्ट
एकच घोकते आहे: परवानगी नाकारली.

चालवायचा हक्क द्यायला गेलो,
तर तो देण्याचाही हक्क मला नाही.
यादी काढली.
मालकाच्या जागी नाव नव्हतं,
नुसता आकडा, १००३.

इनास कुलासो.
परवा स्विंडनला गेला.
काल चहा पिता पिता
मीच पुसलं त्याचं खातं.

रूट झालो. एका ओळीत
सगळं माझ्या नावावर.
खाली कुणीतरी शीळ घालतंय, लवकर रे.

चालवण्याआधी उघडून पाहिली.
तिसऱ्या ओळीत त्याची टीप:
सांतानच्या होडीला दोन लाद्या जास्त.
विचारू नये.

विचारलं नाही.