वीतभर पाइप

बेल्मीरु आमच्या गावचा निवृत्त पोस्टमन.
एकतीस वर्षं, रोज सव्वासातला,
माझ्या काउंटरच्या डाव्या टोकाशी उभा राहून
एक कडू कॉफी, एक नाता.
नाता म्हणजे आम्हा पोर्तुगीजांचा जीव की प्राण :
पापुद्र्यांची वाटी, आत अंड्याची पिवळी साय,
वर करपल्याचे काळे डाग.
तो आधी दालचिनी भुरभुरायचा, मग शिंकायचा, मग खायचा.
क्रम कधी चुकला नाही.

मागच्या ऑगस्टात डोंगर पेटला.
बंबावरची पोरं धावली, कुणी सुतार, कुणी शाळेतला शिपाई,
पगार कुणालाच नाही.
पाइप तीन ठिकाणी गळत होता,
चिकटपट्ट्यांनी बांधलेला, आजाऱ्याच्या पायासारखा.
आग्रिपीनुच्या मधाच्या बावन्न पेट्या
आमच्या डोळ्यांदेखत
मेणासकट ओघळून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बेल्मीरुनं बशी माझ्याकडे परत सरकवली.
"पुढच्या ऑगस्टपर्यंत नाही.
याचे पैसे यात,"
आणि ऑलिव्हची रिकामी बरणी ठेवली.
एक युरो वीस सेंट. टण्ण.

मग काय, गावाला विषयच मिळाला.
कासिमीरु न्हावी म्हणाला, तुझ्या प्रत्येक दिवसामागे माझे दहा सेंट.
पाद्रीबाबांनी वीस लावले, पण महिन्याच्या शेवटी देतो म्हणाले.
मीही म्हटलं, तू एक टाकशील, तेवढेच मी.
सासू हसून हसून खोकली :
"गिऱ्हाईक गेल्याची वर्गणी भरणारी
पहिलीच दुकानदारीण पाहिली!"

तो येतच राहिला.
कॉफी घ्यायचा. दालचिनीची डबी हातात धरून उगीच हलवायचा.
भट्टीचं दार उघडलं की
मान दुसरीकडे वळवायचा,
उधारी थकलेला माणूस रस्त्यात वळवतो तशी.
लोक येता-जाता विचारत, "किती झाले?"
तो आकडा सांगायचा.
पोरासोरांना पाठ झाला होता त्याचा आकडा.

फेब्रुवारीत त्याची बहीण गेली, एतेल्विना.
माती देऊन तो एकटाच आला, दुपारी तीनला,
दुकानात मी आणि फ्रीजची घरघर.
काळ्या कोटाची बटणं चुकीची लावलेली.
म्हणाला,
"एकात दोघं खायचो आम्ही.
वरचं करपलेलं ती घ्यायची.
मला वाटायचं, तिला आवडतं."

मी काही विचारलं नाही. बशी ठेवली.
त्यानं खाल्लं. दालचिनी नाही, शिंक नाही.
काळा डाग तेवढा शेवटपर्यंत बाजूला ठेवला,
मग तोही खाल्ला.
कोटावरचे पापुद्रे मी फडक्यानं झटकले.

दुसऱ्या सकाळी कासिमीरु दारातूनच ओरडला, "किती झाले?"
बेल्मीरुनं माझ्याकडे पाहिलं.
तोंड उघडलं, मिटलं.
"एकशे ऐंशी," मी म्हटलं, पुसता पुसता,
"काल एकशे एकोणऐंशी होते, मोजता येत नाही का तुला?"
आणि रात्री, शटर ओढल्यावर,
माझ्या गल्ल्यातले एक वीस बरणीत टाकले.
त्याच्या वाटचे.
वर माझे वेगळे. व्यवहार म्हणजे व्यवहार.

साठ मीटर पाइप आला, लाल, नवा, रबराचा वास मारणारा.
चौकात चाचणी घेतली तेव्हा पहिला फवारा
नेमका पाद्रीबाबांवर गेला,
महिनाअखेरीचे पैसे अजून यायचे होते.
सगळे हसले. बेल्मीरु हसला नाही,
पाइपाकडे बघत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत,
काहीतरी शोधत असल्यासारखा.
मला माहीत होतं काय.
त्या साठ मीटरमध्ये कुठंतरी
वीतभर पाइप माझ्या खोट्याचा आहे.
त्यातूनही पाणीच येतं.
हे आज पहिल्यांदा बोलतेय, तुमच्यापाशीच राहू दे.

वर्ष संपलं. सव्वासात. बशी.
त्यानं दालचिनी भुरभुरली, शिंकला, एक घास घेतला,
आणि कपाळाला आठी.
"साखर वाढवलीस का गं?"

एकतीस वर्षं तेच माप, तीच वाटी, तोच हात!
मी फडकं आपटलं.
चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.