बटर पेपर

सुवार्ता म्हणाली, ताटं नकोत, वाट्या नकोत,
एकच मोठी फळी, सगळं तिच्यावर मांडायचं,
लोक उभ्याउभ्या खातात.
शार्कुटरी म्हणतात त्याला.
मी म्हटलं, शार्क कुठली मिळणार क्वार्टर गेटला?
तिनं मोबाइल पुढे केला :
मांसाचे गुलाब, चीजचे डोंगर, मधून द्राक्षांची नदी.
जेवण आहे की नकाशा.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी बेहेरे येणार होते,
ओजसचे आईबाबा, पहिल्यांदाच, कर्वेनगरहून.
"आम्हाला चालत नाही असं नाही हो,
आम्ही खात नाही इतकंच," बाई फोनवर म्हणाल्या,
आणि ते वाक्य मी दोन रात्री
उलटून पालटून पाहिलं, तव्यावरच्या भाकरीसारखं.
माझं नाव मार्था. कामाची काळजी नावातच आली.

पोळपाट लहान पडला.
माळ्यावर शमुवेलचा ड्रॉइंग बोर्ड होता,
खडकीच्या कारखान्यातून रिटायर होताना
त्यानं मागून आणलेला, घड्याळ नको म्हणून.
टी-स्क्वेअर घासून घासून डावी कड गुळगुळीत,
चारही कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं, चाळणीसारखी.
लिंबू-मिठानं घासला, गच्चीत दोन उन्हं दाखवली,
तरी जवळ नाक नेलं की शिसपेन्सिल.

खाली काहीतरी अंथर, सुवार्ता म्हणाली,
बटर पेपर आहे ना आपल्याकडे?
मला हसू आलं. तिला का ते कळलं नाही.
या घरात बटर पेपर म्हणजे
ज्याच्या आसपास चहा न्यायचा नाही, शिंकायचं नाही,
रविवारीसुद्धा.

कागद ताणून बसवला
आणि काय वाटलं कोण जाणे,
त्याची टूबी पेन्सिल घेतली, मधोमध रेघ ओढली.
अलीकडे हॅम, कॅम्पातल्या कोल्ड स्टोरेजमधली सलामी,
दापोडीच्या दिराचे सॉसेज, मोहरीची चटणी.
पलीकडे चीज, सासवडचे अंजीर,
तिखट-मीठ लावलेले पेरू, खारे काजू,
चकल्या, करंज्या.
करंज्या नसतात गं याच्यावर, सुवार्ता म्हणाली.
मी म्हटलं, या बोर्डवर तोफेचं चाक मावलंय.

पेल्याच्या काठावर सलामीचा गुलाब करता करता
तिला रेघ दिसली.
आई, ही फाळणी कशाला?
फाळणी नाही, सोय.
सोय जाणे तो सोयरा, मी म्हटलं,
आणि पुसावी का म्हणून खोडरबर शोधत राहिले
बेल वाजेपर्यंत.

बाईंनी सोबत डबी आणली होती, तिळाची चटणी,
आणि येताना वाहतूक किती ते सांगितलं, बराच वेळ.
बेहेरे मात्र चष्मा चढवून बोर्डवर वाकले.
अंजीर पाहिले नाहीत, गुलाब पाहिला नाही.
"रेघ कोणी ओढली?"
घसा कोरडा पडला. मी, म्हटलं.
"टी-स्क्वेअर सरकला तुमचा. उजवीकडे दोन मिलिमीटर."
ते पाटबंधारे खात्यात होते, हे मागाहून कळलं.

मग त्यांनी चकली उचलली.
तिच्याखाली कागद तेलानं काचेसारखा झाला होता
आणि लाकडावर अक्षर उमटलं,
दाबून लिहिलेलं, तिरकं.
घासताना मी चष्मा लावला नव्हता.
बेहेरेंनी मोठ्यानं वाचलं :
पाव. ब्लेड. सुवार्ताची फी.

सुवार्ताचा हात हॅमवर तसाच थांबला.
ओजसला काय करावं कळेना, तो पाणी प्यायला.
"भरली होती का फी?" बेहेरेंनी विचारलं,
अगदी हिशेब तपासणाऱ्याच्या आवाजात.

बघावं लागेल, मी म्हटलं.
खाली अजून एक ओळ होती, अर्धीच दिसत होती.
डब्यातली सगळ्यात तेलकट चकली काढून
मी तिच्यावर ठेवली,
आणि म्हटलं, घ्या ना, बसा,
पाच मिनिटं लागतील.