अडतीस टक्के

डोक्याचे डॉक्टर मुखेडला बुधवारीच येतात,
तेही नांदेडहून गाडी मिळाली तर.
मी पहाटे चार दशम्या बांधून निघते.
भाऊ सोबत येतो. म्हणजे मला आणतो.

"नाव काय?"
धुरपता मसनाजी सोनकांबळे, मी सांगते.
लिहिणारा भावाकडं बघतो,
भाऊ मान हलवतो,
मग माझं नाव लिहिलं जातं.
"झोप लागते का हिला?"
लागते साहेब, भाऊ म्हणतो.
रात्र माझी, हिशेब त्याच्याकडं.

देशमुखांच्या सुनेला डिप्रेशन झालं,
ती हैदराबादला गेली, काचेच्या दवाखान्यात.
आली तेव्हा बाया सफरचंदं घेऊन भेटून आल्या.
मला गावातच येड लागलं.
एकवीस दिवस लिंबाला बांधलं होतं,
शेजाऱ्याच्या बैलाच्या दाव्यानं.
बैल तेवढे दिवस मोकळा होता.

शाळेत खिचडी शिजवायचे मी.
तेव्हाही काही लेकरं घरून डबा आणायची,
का, ते कुणी बोलायचं नाही.
आता उघड बोलतात : येडीच्या हातचं नको.
निदान तोंडावर तरी सांगतात.

यंदा शिक्क्याचा कागद मिळाला.
अडतीस टक्के.
निराधारच्या पगाराला चाळीस लागतात.
"दोन टक्क्यांनी हुकलं गं," खिडकीतली बाई हळहळली,
जणू माझी दहावी राहिली.

आणि बापाच्या वीस गुंठ्यांत, सातबाऱ्यावर,
माझ्या नावापुढं लिहिलंय :
'वेडसर, पालनकर्ता भाऊ.'
तिथं कुणी टक्के विचारले नव्हते.
तिथं मी पुरती शंभर.

आज भावाला एस्टीत बसवून दिलं.
म्हणलं, तू हो म्होरं, मला काम आहे.
तो खिडकीतून बघत राहिला,
गोळी चढलीय का उतरलीय, अंदाज घेत.

तलाठी जेवायला गेलाय.
कोतवाल म्हणतो, "संगं कुणी मानूस हाय का?"
म्हणलं, हाय.
म्या हाय की.

पायरीवर बसून दशमी खातेय.
कागद चार घड्या घालून पोलक्यात,
अर्ज पिशवीत, गुरुजींच्या पोरीनं लिहिलेला,
खाली सहीची जागा मोकळी.
तलाठ्याला सांगणार आहे,
अडतीस तुमच्याकडं लिहून घ्या, हरकत नाही.
सही उरलेल्या बासष्टांची आहे.

साडेतीन झाले.
तो अजून जेवतोच आहे.
चारची गाडी गेली तर मुक्काम इथंच.
कोतवालाला विचारून ठेवलंय,
पाणी कुठं मिळतं.